नावं पुरवणारी

मार्लीनने हे काम मला दिलं, कारण तिची नावं संपली होती.
बडी, बेला, मॅक्स, लूना करून झालं,
मग राज्यं, मग नद्या, मग चीजचे प्रकार.
"तुझ्याकडे असतील की वेगळी," ती म्हणाली
आणि पुसता येणारा पेन माझ्या हातात दिला.

बेकर्सफील्डमध्ये मे म्हणजे पिल्लांचा महिना.
खोक्यांतून येतात. बुटांच्या, केळ्यांच्या,
एकदा टोस्टरच्या; वर छापलेलं, दोन वर्षांची हमी.
डोळे न उघडलेले जीव, उंदराहून जरासे मोठे.
मी मिसळणाच्या डब्यापासून सुरुवात केली.
जिरं, मोहरी, बडीशेप, हिंग.
डेशॉन 'हिंग' इतकं लाडानं म्हणतो
की त्या बोक्याला स्वतःबद्दल बरं वाटत असावं.
मग भाज्या : दोडका, पडवळ, घोसाळं.
मग माहेरच्या शेजारणी : अनसूया, द्वारका, गोदाक्का.
(गोदाक्का तिरळी होती. ही मांजरही.)

नियम एकच. पाटीवर एक नाव दोनदा नको.
पुसलेलं पुन्हा वापरायला हरकत नाही.
कशामुळे पुसलं, ते पाटी सांगत नाही :
कुणाच्या घरी गेलं, ओरेगनच्या ट्रकमधून गेलं,
की मागच्या खोलीत,
जिच्या दाराला रबर लावलंय, म्हणून ते वाजत नाही.
मी विचारायचे पूर्वी.
आता सकाळी मोकळ्या ओळी मोजते.

जूनच्या एका दुपारी, बाहेर एकशे आठ,
एफ्राइन नावाचा माणूस कुत्री घेऊन आला.
बदामाच्या बागेत कामाला; भुवयांवर धूळ.
नवा घरमालक म्हणतो, तीस पौंडांवरचं जनावर चालणार नाही.
ही बासष्ट.
"अर्धीच ठेवू का हिला?" तो म्हणाला, हसला,
आणि ते हसू तोंडावर तसंच राहून गेलं.
फॉर्मवर कारण : घर बदललं.
तो रकाना लहान आहे. मुद्दाम असावा.

"नाव?" मी विचारलं, नुसतं विचारायचं म्हणून.
पेन उघडलेला, डोक्यात 'सुंठ' तयार.
"कनेला."
म्हणजे काय? त्याने हवेतच एक साल मोडली,
नसलेल्या कपात टाकली, वास घेतला.
दालचिनी.

दालचिनी देऊन झाली होती. मेचा दुसरा आठवडा,
पिंजरा सहा, तपकिरी पिल्लू, तीन दिवस.
मी पाटीवर कनेला लिहिलं.
कितीतरी दिवसांनी कुणीतरी
आपलं नाव आपल्यासोबत घेऊन आलं होतं,
आणि मला काही कामच नव्हतं.
तो गेल्यावर ती दाराकडे तोंड करून बसली.
मी हाक मारली. तिने कान वळवला, मान नाही.

दर तीन महिन्यांनी आर्विनच्या चर्चमागे ऑपरेशनची गाडी येते.
तिथे नावं नकोत. मी नंबर वाटते, एक ते चाळीस.
लोक पहाटे तीनपासून रांगेत, घडीच्या खुर्च्यांवर,
मांडीवर पिंजरे, टोपल्या, गाठ मारलेला उशीचा अभ्रा.
हे काम मला आवडतं. चाळीस नंबर
म्हणजे किती नावं शोधावी लागणार नाहीत,
हा गुणाकार मी रांगेभर करते, चुकते, पुन्हा करते.

परवा एक्केचाळिसाव्या होत्या मिसेस ट्रुइट.
नाकात ऑक्सिजनची नळी, कुशीत करडी मांजर,
वर्षाचीही नसेल.
"पुढची गाडी सप्टेंबरात," मी म्हणाले.
त्यांनी बोटांवर मोजलं. मीही मोजलं.
गाडीला तीन महिने लागतात, मांजरीला दोन.
त्या "थँक यू, हनी" म्हणाल्या. मी "सॉरी" म्हणाले.

परतताना रस्त्याकडेचे तेलाचे पंप माना हलवत होते,
कशालाही हो म्हणणाऱ्या माणसांसारखे,
आणि गाडीत एकटीच मी मोठ्यानं म्हणू लागले,
केशर. खसखस. तमालपत्र.
चिंच.
चिंच चालेल. डेशॉनला म्हणता येईल.