श्री नवलाई नॉव्हेल्टी

बोर्डावर देवीचं नाव सांगितलं होतं, श्री नवलाई.
नॉव्हेल्टी पेंटरने मनाने जोडलं.
अप्पा म्हणाले, असू दे, कानाला एकच लागतं.
तेव्हापासून पूर्णगडच्या नाक्यावरचं
आमचं साडेसात फुटी दुकान
देवीचं की नवलाचं, कुणी विचारलं नाही.

सोमवारी रत्नागिरीहून एसटीने खोका येतो.
कंडक्टर विचारतो, आज काय गो?
आज टूथपिक चोचीने उचलणारी चिमणी,
एका दाबात केळ्याचे अकरा काप करणारी पट्टी,
दार अडवायला रबराचं मांजर,
आणि टाळी ऐकली की शीळ घालणारी किल्लीची साखळी.
(तिचा एकच तोटा. भजनाच्या रात्री
अख्ख्या वाडीच्या किल्ल्या शिळा घालत बसतात.)

बारशाला, वास्तुशांतीला लोक घाईत येतात,
शंभरच्या आत दिसायला मोठं काहीतरी दे म्हणतात.
मी चमकी कागद कापते,
बुडाचं किमतीचं लेबल नखाने खरवडते.
सगळं निघत नाही, एक कोपरा राहतो.
त्या कोपऱ्यावरून माझी वस्तू मला ओळखू येते
दुसऱ्याच्या शोकेसमध्ये, तिसऱ्याच्या नावाने.
बोलत नाही मी.
जनार्दन डोर्लेकरांकडचा हंसांचा पेनस्टँड
तीन लग्नं फिरून आलाय,
अजून पेन लागलेलं नाही त्याला.

खारी हवा मात्र कुणाची भीड धरत नाही.
सोनेरी मुलामा पंधरा दिवसांत हिरवा.
फ्रिजवरचा हापूस मॅग्नेट
घसरत घसरत कांद्याच्या टोपलीत.
काचेच्या गोळ्यातला बर्फ पिवळा पडतो,
आणि ज्यांनी बर्फ पाहिलेला नाही
त्यांना वाटतं, असाच असतो.

शिमग्यात शेवंती आडिवरेकर आली.
पोटऱ्यांना खाडीचा चिखल, पाटीत तिसऱ्या.
हिच्या परसातला शिंपल्यांचा ढीग
गडग्याच्या वर गेलाय,
आणि हिने बोट ठेवलं शिंपल्यांच्याच कासवावर.
कुठल्या लांबच्या कारखान्यातलं, एकशेवीस रुपये.
म्हटलं, अगो, तुझ्या घरी गाडीभर पडलेत.
"पडलेत," म्हणाली, "पण त्येंना डोळे कुठं हायत?"
दहाच्या बारा नोटा, ओल्या.
दिवसभर बोटांना वास राहिला.

वैशाखात परत आली, पिशवीतून कासव काढलं.
माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं,
विकलेला माल परत घेतला जाणार नाही,
मागच्या भिंतीवर अप्पांच्या अक्षरात आहे ते.
पण तिला काही परत करायचं नव्हतं.
कासवाचा मागचा डावा पाय गळला होता.
तिथे तिने आपल्या ढिगातली एक शिंप बसवली होती,
फणसाच्या चिकाने.
तीन पाय गुळगुळीत, एका मापाचे, वॉर्निश मारलेले.
चौथा पाय तिसरीचा,
जांभळट, कडेला रेघा, आणि जरासा मोठा,
त्यामुळे काउंटरवर कासव
एका अंगावर कलून उभं राहिलं,
निघायच्या बेतात असल्यासारखं.

"कसा झालाय?"
मी कासव उलटं केलं, सुलटं केलं.
पोटाला माझ्या लेबलाचा कोपरा अजून होता.
म्हटलं, अशी आणखी करशील? मी विकून देते.

तिने दुकानभर नजर फिरवली,
चिमणी, मांजर, पट्टीवरचं प्लॅस्टिकचं केळं.
"पाय करीन," म्हणाली, "कासव तुझं तू आण."
मग कासव पदराने पुसून पिशवीत घातलं
आणि उंबऱ्यावरून वळून,
"पायाचं काय देशील?"

गेली ती.
मी लेबलांची गुंडाळी काढून बसलेय.
पाच लिहिते, खोडते.
सात लिहिते.