खालचा बर्थ

रेवणची आई मिरजेला नाइटला असते
त्या रात्री आम्ही चीनला जातो.

खरकटी ताटं बाजूला सारून
नकाशांचं पुस्तक काढतो.
हे पुस्तक एकोणीसच्या पुरात दोन दिवस कृष्णेत होतं.
वाळलं, पण फुगलं.
चीन उघडला की त्यावर ब्राझील उलटा उमटलेला दिसतो,
आणि लांचौपासून पश्चिमेला एक तपकिरी रेघ निघते,
ती नदीची, रुळांची, की आमच्या गावभागातल्या गाळाची,
अजून ठरलेलं नाही.
रेवण म्हणतो, गेल्यावर कळेल की.

मी मार्केट यार्डात तोलाईदार.
हळदीचं पोतं काट्यावर चढतं, मी आकडा ओरडतो,
पोतं निघून जातं.
कुठं जातं, हे मी सव्वीस वर्षांत विचारलेलं नाही.
हा विचारतो. बारा वर्षांचा आहे,
दोनशेपानी वही केलीय त्यानं,
आणि पेन्सिल कानावर ठेवायची सवय माझी उचललीय.

"आधी कुनमिंग. मग चेंगडू. मग शियान, एक रात्र गाडीत."
नदी आहे का तिथं?
"आहे."
किती फुटाला धोका?
पेन्सिल कानावर जाते.
"पप्पा, प्रत्येक गावाला आयर्विन पूल नसतो."
नसेल. पण चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका
हे ज्याला झोपेतही पाठ आहे
त्यानं परमुलखात खोली कितव्या मजल्यावर घ्यायची
हे आधी विचारू नये?

भाषाही चाललीय.
एकच 'मा', चार तऱ्हांनी.
सपाट धरला तर आई, वर चढवला तर ताग,
बुडवून काढला तर घोडा, आपटला तर शिव्या.
मी म्हणून बघितलं.
चारही वेळा घोडाच आला.
"सौद्यातला आवाज काढू नका," म्हणाला.

शेवटचं गाव तुरफान.
तिथं मातीच्या, भोकाभोकांच्या खोल्यांत बेदाणा वाळवतात.
तासगावसारखा?
"तासगावपेक्षा जास्त."
हळू बोल, म्हटलं, भिंतीपलीकडं अडत्या राहतो.
"आणि ते गाव समुद्राच्याही खाली आहे."
माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.
मग पाणी शिरलं तर?
"शिरणार कुठनं? पाऊसच नाही तिथं."
पाऊसच नाही.
मी म्हटलं, लिही, तिथं दोन दिवस जास्त.

परवा त्यानं पैशाचा हिशेब मांडला.
पोस्टात महिना सातशे, वरचं व्याज,
दिवाळीचा बोनस धरला नाही, कारण तो धरण्यासारखा नसतो.
उत्तर आलं: रेवण चोवीस वर्षांचा असताना.
माझा रकाना कोराच होता.
मी पेन्सिल घेऊन त्यात बासष्ट लिहिलं
आणि ताटं घासायला उठलो.
चोवीसाव्या वर्षी मी बापाबरोबर
विट्याच्या बाजारालाही गेलो नव्हतो.
नळाचं पाणी बारीक येत होतं, बरं झालं,
घासायला वेळ लागला.

पहाटे उठलो तर वही उघडी.
शियान ते तुरफान, माणसं दोन.
रेवण: वरचा बर्थ.
पप्पा: खालचा. पुढं बारीक अक्षरात, गुडघे.

आता, उभ्या आयुष्यात मी रेल्वेत
दोनदाच झोपलोय, दोन्ही वेळा वर,
खाली लोक येऊन बसतात म्हणून.
हे त्याला सांगायला हवं.
पण तो झोपला होता, तोंड उघडं,
खोडरबर मुठीत.

साडेसातला ही ड्युटीवरून आली.
चपला काढता काढता विचारलं,
कुठवर गेलात?
शियानपर्यंत, म्हटलं.
चटणी?
आणि मी भर घरात, पोरगं झोपलेलं असताना,
यार्डातल्यासारखा ओरडलो:
दोन किलो सातशे!