एकच मोजा

पार्सल आलं तेव्हा मी बादूरला मारायला बसले होते.
म्हणजे, लिहायला.
सतरावं प्रकरण, जानेवारी, रिओनी नदीवरचा पूल,
राखणदाराच्या चौकीतला स्टोव्ह विझलेला.
उजाडेपर्यंत तो उरणार नव्हता.
दोन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं मी,
वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं.

कुतैसीच्या टपाल कचेरीतली मुलगी म्हणाली,
फारच हलकंय हो. आत आहे ना काही?

आत एक मोजा होता.
एकच.
राखाडी लोकर, मेंढीचा वास अजून न गेलेला,
टाचेपाशी दुहेरी वीण,
आणि चौकटीच्या वहीतून फाडलेला कागद:

"बाई, हा बादूरसाठी.
डाव्या पायाचा आहे, उजव्याचं त्याला काम नाही.
नवव्या प्रकरणात तो उजवा पाय पायरीवर टाकतो,
तो तर तिसऱ्यातच गेला होता.
छापणाऱ्याची चूक असणार. मी पेनानं नीट केलंय.
अंक वाचनालयाचा आहे, कुणाला सांगू नका."

मी नववं प्रकरण काढलं.
छापणाऱ्याची नव्हती.

माणूस माझा म्हणायचा,
आणि त्याचा कुठला पाय गेला हे लक्षात ठेवायचं
ओनीच्या वर, डोंगरात, कुठल्याशा गावातल्या
नाझीब्रोला नावाच्या बाईनं,
जिच्याकडे वीज दिवसाआड येते.

संध्याकाळी शेजारच्या गुरामला दाखवला मोजा.
खूप हसलो दोघं.
अर्धंच काम केलंन की म्हातारीनं, तो म्हणाला,
जोडीतला दुसरा कुणाला दिला?
वाईनच्या पेल्याखाली ठेवायला त्यानं कागद उलटा केला
आणि मग तो काही बोलेना.

मागे लिहिलं होतं:
"एकच विणायची सवय आहे मला.
लढाईनंतर अकरा हिवाळे विणले.
मग गरज राहिली नाही.
हात विसरलेत का, ते बघायचं होतं."

नवरा की मुलगा, ते नव्हतं लिहिलेलं.
मीही विचारलं नाही.
मी बिनपायाचा माणूस लिहिला तो कशासाठी,
आता खरं सांगायचं तर,
पुलावर कुबडीचा आवाज चांगला वाजेल म्हणून.

सतरावं प्रकरण पाच वेळा लिहिलं.
स्टोव्ह पेटवला नाही. थंडी तेवढीच ठेवली.
कुणी दयाळू वाटसरू आणला नाही,
इतकी लाज माझ्यात शिल्लक आहे.
फक्त पहाटे तीनच्या सुमाराला
बादूर वाकतो
आणि पायात काहीतरी चढवतो.

संपादकांनी समासात विचारलं:
काय चढवतो? कुठून आलं? आधी उल्लेख नाही.
मी कळवलं, राहू द्या.
हवं तर माझी चूक म्हणा,
माझ्याकडून होतात.

अंक मार्चमध्ये निघाला.
घाटातलं बर्फ वितळून रस्ता सुरू झाला
तेव्हा एक पोस्टकार्ड आलं, एका ओळीचं:

"बरोबर बसला का त्याला?"

दोन दिवस ते टेबलावर तसंच.
तिसऱ्या दिवशी, उत्तर लिहायच्या आधी,
दाराला कडी घातली
आणि मोजा माझ्या डाव्या पायात घालून
घरभर चालून पाहिलं.