पाणी सोडणारा

पंचायतीच्या रजिस्टरात मी मष्णू मुतगेकर, वॉटरमन.
गावात, पाणी सोडणारा मष्णू.
सहाला मराठी गल्ली, सातला वरची ओणी,
शाळेकडे दिवसाआड.
सव्वीस वर्षं लोखंडी चावी खांद्यावर घेऊन फिरतोय,
कुणी विचारलं नाही पाणी कुठनं येतं.
उशीर का झाला, एवढंच.

मंगळवारी रात्री गोव्याच्या रस्त्याला
पुलाच्या अलीकडे टँकर कलंडला.
ड्रायव्हर वाचला, काठावर बसून तंबाखू मागत होता.
टँकरच्या पाठीवर नारंगी पाटी, पाटीवर चार आकडे.
त्यांचा अर्थ पोलिसालाही सांगता येईना.
परसू सांबरेकरनं शेवटच्या दोन आकड्यांवर ओसी लावली.
लागली.
त्यानं मला चहा पाजला, कॅनच्या पाण्यातला.

सकाळी मलप्रभा रोजच्यासारखीच दिसत होती.
फक्त वास,
पिकल्या फणसात कुणी रॉकेल ओतल्यागत.
जॅकवेलच्या जाळीला मासे टेकलेले,
पोटं वर, सगळे एकाच बाजूला तोंड करून.
मी चावी फिरवली. उलटी. साडेनऊ आटे.
हुकूम नव्हता.
हुकूम दुपारी आला, सकाळची वेळ घालून.

मग रिक्षा आली, भोंगा लावून:
नीर कुडिब्याड्री, नीर कुडिब्याड्री.
कागदावर तेवढंच होतं.
तिसऱ्या फेरीला दस्तगीरनं कागद खिशात कोंबला
आणि आपल्या तोंडानं ओरडला,
‘पाणी पिऊ नकोसा गा, मरशीला!’
तेव्हा गल्ली खरी हलली.

बायकांनी हंडे ओतले, पिंपं आडवी केली.
सोमवारचं, चांगलं पाणीसुद्धा ओतलं.
भर उन्हात गटारं वाहिली
आणि कोंबड्या लांब उभ्या राहिल्या.
तुळसाक्काची म्हैस बसली ती उठेना,
ती आधीपासनंच आजारी होती, पण आता कोण ऐकतंय.
शेवंताला आठवलं, पहाटे लेकराला तांब्यातलं पाजलं.
ती त्याच्या जिभेचा रंग बघत बसली.
दर तासाला उंबऱ्यावर, उजेडात.
वीस रुपयांचा कॅन साठाला गेला, मग नव्वदला,
मग खानापूरच्या टेम्पोभोवती चौगुल्यांची दोन पोरं
एकमेकांची कॉलर धरून.

सातव्या दिवशी पंचायतीच्या दाराला अहवाल चिकटला.
कन्नडात.
लगमव्वाची नात सहावीला, तिला पुढं ढकललं.
ती बोट ठेवून वाचत गेली, आम्ही तोंडाकडं बघत राहिलो.
शेवटच्या ओळीत एक शब्द ओळखीचा निघाला:
सुरक्षित.
तिकडंही तोच, इकडंही तोच.
साठ वर्षं पाट्यांवरनं भांडलेलं गाव,
या एका शब्दाचं भाषांतर लागलं नाही
आणि विश्वास कुणाचाच बसला नाही.

संध्याकाळी माणसं माझ्या दारात.
‘साहेब गेला बेळगावला. तू हितलाच न्हवं?
आधी तू पी.’
मी प्यालो. टाकीखालच्या तोटीचं, तांब्या भरून,
सगळ्यांसमोर, खळखळ आवाज करत.
चव काय होती विचारू नका.
चव बघायला जीभ जागेवर लागते.

रात्री बायको झोपली नाही.
दोनदा माझ्या नाकाखाली तळवा धरला,
तिला वाटलं मला कळलं नाही.

सहाला व्हॉल्व उघडला.
माणसं नळाकडं नाही, माझ्याकडं बघत होती,
चालतोय का, बोलतोय का, डोळे कसे आहेत.
लगमव्वानं पहिली घागर विसळून टाकली,
दुसरीही.
तिसरी भरली, उंबऱ्यात ठेवली, वर झाकण घातलं.
दुपारपर्यंत झाकण तसंच होतं.

मी घरी आलो. ऊन लागलेलं.
बायकोनं पेला पुढं केला, कोपऱ्यातल्या कॅनमधला.
मी तिच्याकडं बघितलं.
ती दुसरीकडं बघत होती.
प्यालो.