उत्तरेकडची बाजू

स्टेशनशेजारच्या दुकानात मोरिवाकींनी
सीट दोनदा खाली केलं, एकदा वर,
आणि म्हणाले, पाचच्या आत आणा.
घंटा वाजत नाही. अस्वलांसाठी ही घुंगरं घ्या.

निघाले.
जिपा बनवणाऱ्या कारखान्यातली तपासनीस मी,
रोज हजारो दात डोळ्यांखालून घालणारी,
आज रजेवर, कमरेला अस्वलाची घुंगरं.

पहिल्या चढावर थोडी लाज वाटली, मग उतरले.
दुसऱ्यावर लाज वाटायच्या आधीच उतरले.
दोन्हीकडे सुगीची झाडं, सरळ, काळपट,
खाली नदी, धरणानं हिरवी करून ठेवलेली.
एकही अस्वल नाही. घुंगरं मात्र इमानदार.

बोगद्याच्या तोंडाशी लाल कांडी घेतलेला माणूस,
हेल्मेटवर नाव, कुरामोची.
आत दिवे एकाआड एक लागतात, म्हणाला,
आणि अंगातलं चमकतं जॅकेट काढून माझ्या हातात दिलं.
पलीकडे माझा मेव्हणा उभा आहे, त्याला द्या.
आणि तुम्ही?
मला इथले ट्रक ओळखतात.

मेव्हण्यानं जॅकेट झटकलं, बाह्या तपासल्या.
थर्मॉस नाही दिला?
नाही.
गेल्या मंगळवारपासून त्याच्याकडे आहे, म्हणाला,
माझ्याकडे नाही, बोगद्याकडे बघत.

मग वळणाआड गाव.
दुरून घरं हात जोडून उभी दिसतात,
नावही तसंच पडलंय त्यांना.
(फुसाए आजी नंतर म्हणाल्या, हात कसले,
बर्फ घसरून जावा म्हणून.)

एका घराचं अर्धं छप्पर उघडं होतं.
शाकारणं चालू. अंगणापासून आढ्यापर्यंत माणसांची रांग,
गवताच्या पेंढ्या हातोहात वर.
येता का, एक जण कमी आहे, योहेईचा गुडघा.
हो-नाही म्हणायच्या आत
सायकल पर्सिमनच्या झाडाला टेकलेली
आणि मी एका शाळकरी पोराच्या
आणि देवळातल्या भटजींच्या बायकोच्या मधे.

सवय जात नाही.
वाकड्या, आखूड दोन पेंढ्या मी बाजूला काढल्या.
वरून उजिइए मिस्त्री ओरडले, त्या का अडवल्या?
वाकड्या आहेत.
वाकड्या आतल्या थरात जातात, पाठवा.

नऊ वर्षं कारखान्यात
मी असल्या गोष्टी लाल डब्यात टाकते आहे.
पाठवल्या.

दुपारी लाल सलगमाचं लोणचं, आणि टोफू,
इतका घट्ट की दोरीनं बांधून नेता यावा.
आजी चौऱ्याऐंशीच्या. मागच्या वेळी ही बाजू बदलली
तेव्हा त्या चुलीपाशी होत्या, पाठीला काझुनारी बांधलेला.
काझुनारी नागोयाला असतो आता.
छपराचे फोटो मागवतो. स्वतःचे पाठवत नाही.
दक्षिणेची बाजू कधी? मी विचारलं.
दहा-बारा वर्षांनी.
मग त्यांनी सलगमाचा तुकडा
दातांच्या चांगल्या बाजूला सरकवला
आणि चहा अजून हवा का, म्हणाल्या.

उतरताना पाय लागलेच नाहीत.
बोगद्याशी मेव्हण्यानं जॅकेट दिलं, शिवाय निरोप: थर्मॉस.
कुरामोचीनं निरोप ऐकला, जॅकेट घातलं, बटणं लावली.
रिकामा कसा द्यायचा, म्हणाला,
नि पुन्हा कांडी हलवायला लागला,
समोर एकही गाडी नसताना.

पाच वाजून वीस मिनिटं.
मी माफी मागत वाकले. मोरिवाकी आधीच वाकलेले,
साखळीशी. चष्मा कपाळावर.
बोटांनी त्यांनी दातांतून एक काडी ओढून काढली,
लांब, सोनेरी, टोकाला काजळी.
कुठली बाजू?
उत्तरेकडची.
बरं झालं, म्हणाले. तीच आधी कुजते.
जास्तीच्या वेळाचे पैसे घेतले नाहीत.
घुंगरं तेवढी मोजून घेतली.