उजव्या कोपऱ्यातला डाग

क्लबात मी बावीस वर्षं काच पुसतोय.
स्क्वॉशचं कोर्ट, चारी भिंती काचेच्या,
पलीकडे अलेक्झांड्रियाचा समुद्र,
तो रोज येऊन काचेवर खारट हात फिरवून जातो.
पिक्चरवाले आले तेव्हा म्हणाले,
अम्म बदवी, काच अशी हवी की नसल्यासारखी.
म्हटलं, साहेब, मग पाडूनच टाका.
कुणी हसलं नाही. त्यांच्याकडे हसण्याचीही वेळ ठरलेली होती.

गोष्ट साधी: ती जिंकते, तो हरतो, दोघं प्रेमात पडतात.
नटाला बॅकहँड येईना, नटीला धावणं.
म्हणून लांबून दिसायला आपली शहिरा, आणि वाएल.
पाच वर्षांपूर्वी वाएलची रॅकेट
शहिराच्या भुवईवर बसली होती. सात टाके.
त्या टाक्यांपासून दोघं बोलायला लागले.
पुढे काय झालं, आणि का मोडलं,
सगळ्या क्लबाला ठाऊक आहे. मी सांगणार नाही.

मेकअपवालीनं पहिल्याच सकाळी ती खूण बुजवली.
नटीच्या भुवईला कुठे आहे खूण?

मग ग्लिसरिनचे फवारे.
कानशिलावरून गळ्यापर्यंत थेंब किती वेळात उतरावा
त्याचं घड्याळ लावलेलं.
चेंडू हवेत लटकलेला, आणि त्याच्याभोवती कॅमेरा
स्थळ बघायला आलेल्या मामासारखा
सगळ्या बाजूंनी निरखत फिरतोय.
एकतिसाव्या टेकला शहिराचा तोल गेला.
तिनं काचेवर तळवा टेकला,
आणि वाएल, कागदावर नसलेलं, हळूच बोलला,
"डोळा सांभाळ."
"कट!" कुणीतरी ओरडलं. "ओठ हलले."

काल रामल स्टेशनजवळ तिकीट काढून बघितला.
खोटं कशाला बोलू, देखणा आहे.
बुटाखालून उडणारी धूळसुद्धा सोन्याची,
समुद्र तर असा निळा
की मी तिथलाच, हे मला पटेना.
शेजारचं पोरगं आ वासून बसलेलं,
सूर्यफुलाच्या बिया मुठीतच राहिलेल्या.
शेवटी नट-नटी मिठी मारतात, ड्रोन वर वर जातो.
मी माझ्या गुडघ्याचा विचार करत होतो.

पण त्याआधी, शेवटच्या फटक्याला,
उजव्या कोपऱ्यात खाली, जेमतेम दोन सेकंद
काचेवर डाग दिसतो.
तळवा, चार बोटं, अंगठा जरा पुसट.
ग्लिसरिन तेलकट चमकतं, मला विचारा,
साबणाशिवाय निघत नाही. हा चमकत नव्हता.
हा घामाचा, वाळून मीठ झालेला.

जेवणाच्या सुटीत फडका घेऊन
गेलो होतो तिथवर.

राहून गेला असेल. वय झालं.
विचारलं कुणी, तर हेच सांगेन.