सोमवारची वाळू

सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली
की सोमवारी अंबड लिंक रोडवर आमच्या वॉशिंग सेंटरला
आठ वाजताच रांग लागते.
पाइपातलं पाणी हाताला चावतं.
बाप्पू खोडे शटर वर ढकलत म्हणतो,
चला, आला समुद्र.

आधी रबरी मॅट काढायच्या, भिंतीवर आपटायच्या,
मग सीट मागे, मग व्हॅक्यूम.
मालक लोक बाकड्यावर चहा घेत बोलतात
रूमचे रेट, सुरमईचे रेट,
आणि मोबाइलला रेंज कशी नव्हती ते.
कुठे गेला होतात, हे मी विचारत नाही.

दिवेआगरची बारीक, नाचणीच्या पिठासारखी,
शिवणीत जाऊन बसते, दोनदा मशीन फिरवावं लागतं.
श्रीवर्धनची काळसर.
तारकर्लीची म्हणजे खडीसाखरेचा चुरा, मुठीत थांबत नाही.
गुहागरच्या वाळूत सुरूच्या काड्या.
गणपतीपुळ्याच्या वाळूत नारळाची शेंडी, प्रसादाचा कागद.
हर्णैच्या गाडीला वास असतो,
त्याचे आम्ही पन्नास जास्त घेतो.
केळशीकडून आलेल्याच्या चाकांना तांबडी माती
आणि ड्रायव्हरची कंबर गेलेली.

असा सगळा किनारा मी ओणवा होऊन पाहिलाय,
मागच्या सीटखालच्या अंधारात.

एकदा गेलोही होतो, खोटं कशाला.
मुरुडला, मेव्हण्याच्या गाडीतून, दीड दिवस.
तिथेही मी खाली बघूनच चालत होतो,
पायाच्या अंगठ्यानं उकरत.
इंदुमती म्हणाली,
अहो, वर बघा जरा. पैसे दिलेत.

ह्या सोमवारी एका अर्टिगात
सीटच्या फटीत चावी सापडली.
लाकडी मासा, त्याच्या पोटावर पांढऱ्या रंगात सहा,
शेपटीवर फोन नंबर.
मालकाला दाखवली तर म्हणाला, राहू द्या हो,
त्यांच्याकडे दुसरी असेल.

दुसरी नव्हती.
‘नाशिक? अगं बाई! सहा नंबरची ना?
कालपासून पोराला खिडकीतून आत सोडतोय
आणि दार उघडतोय.’
मग तिनं विचारलं, तुमच्याकडे काय असतं बघायला.
मला पटकन सुचेना.
देवळं आहेत, म्हटलं. द्राक्षं आहेत, महिन्याभरानं गोड होतील.
तिच्या मागे काहीतरी सारखं घरघरत होतं,
थांबायचं, परत सुरू व्हायचं.
मिक्सर चाललाय का, म्हटलं.
ती म्हणाली, कुठे काय? काहीच तर वाजत नाही.

चावी सुतळीनं बांधली,
सिमेंटच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला,
ठक्कर बाजारला जाऊन दापोलीच्या गाडीत पार्सल टाकलं.

संध्याकाळी चेंबरची जाळी उचलली.
दिवसभराची वाळू खाली बसलेली, सगळ्या गावांची एकत्र,
आता मलाही ओळखू येईना कुठली कुठली.
ती नाल्यातून नासर्डीत जाते, नासर्डी गोदावरीत,
आणि गोदावरी पाठ फिरवून पूर्वेला.
ब्रह्मगिरीवरून पश्चिमेचा समुद्र
शंभर किलोमीटरही नाही,
पण नदीला कोण सांगणार.
अर्धी नांदूरमधमेश्वरला अडणार, उरलेली जायकवाडीत गाळ होणार,
एवढं गणित मलाही येतं.
तरी फावड्यानं भरून रस्त्याच्या खड्ड्यात टाकायची
त्याऐवजी मी दोन बादल्या पाणी जास्त सोडलं.
बाप्पू मीटरकडे बघत राहिला.

गुरुवारी तिचा फोन.
मिळाली चावी, म्हणाली. दार उघडलं.
पण त्या कागदात थोडी माती होती,
काळी, ओली केली तर बोटाला चिकटतेय.
ती कुठली?

आमची, म्हटलं.
झटकून टाका.

टाकते, म्हणाली,
आणि फोन ठेवला नाही लगेच.